साहेबाचा गोटा

आकांक्षाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. तिचं पहिलं वाक्य ऐकलं आणि हनुवटीवर ब्लेड बसलं.

"सर, बुधवारी येऊन राह्यली मी. सकाळी हिंगणघाटले कबर पाहू, मंग आपल्या टेकडीवर जाऊ. साहेबाचा गोटा मोजाचा आहे."

"मोजाचा म्हंजे? लांबी-रुंदी?"

"नाई सर, जागा मोजाची. गोटा पृथ्वीवर नेमका कुठं हाय ते मशीन सांगते. दोन बोटांचाबी फरक पडत नाई."

ये पोरी, अवश्य ये, असं म्हणून मी फोन ठेवला आणि हनुवटीला तुरटी लावली. घरामागच्या सांदवाडीत सखू, माझी बायको, धुणं धूत होती. मोगरीचा आवाज येत होता, धप्, धप्. गेली वीस-बावीस वर्षं तो आवाज माझ्या छातीवर पडतो आहे. सखूला वाटतं मला रक्तदाब आहे. आहेही, पण तो या मोगरीनेच दिलेला आहे.

सरळ सांगून टाकतो. टेकडीवरचा जो दगड मी इतकी वर्षं शाळेच्या पोरांना आणि दूरदूरच्या पाहुण्यांना दाखवत आलो, तो खोटा आहे. खरा माझ्या घरामागे आहे आणि त्यावर माझी बनियनं धुतली जातात.

झालं असं. दोनशे वर्षांपूर्वी लॅम्बटन नावाचा एक इंग्रज अधिकारी हिंदुस्थान मोजायला निघाला. दक्षिणेकडून सुरुवात करून, टेकडीवरून टेकडी बघत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकत राहिला. आमच्या हिंगणघाटला येऊन १८२३ साली वारला. पुढचं काम त्याच्या मागच्यांनी हिमालयापर्यंत नेलं. जिथून जिथून त्यांनी मोजलं तिथे दगडावर एक वर्तुळ आणि वर्तुळाच्या मधोमध एक टिंब कोरून ठेवलं. असा एक दगड वडनेरच्या अलीकडे आमच्या गावामागच्या टेकडीवर होता. आता दक्षिणेपासून हिमालयापर्यंत त्या मोजणीच्या वाटेने जाणारे हौशी लोक आहेत. ते कबरीला फुलं वाहतात, टेकड्या चढतात, दगडांचे फोटो काढतात.

हे सगळं मला नंतर कळलं. आधी एवढंच कळत होतं की घरामागे धुण्यासाठी बरा सपाट दगड नाही आणि टेकडीवर एक आहे. मी आणि माझा धाकटा भाऊ नानाजी बैलबंडी घेऊन गेलो आणि तो उचलून आणला. आमच्याकडे टेकडीचा दगड कुणाचा नसतो, ज्याच्या बंडीत मावेल त्याचा. वर्तुळ दिसलं होतं मला. कुण्या गुराख्याने बसल्या बसल्या खरडलं असेल म्हणालो. गवंड्याने तो सिमेंटमध्ये पक्का बसवला.

दीड वर्षाने नागपूरचे एक म्हातारे गृहस्थ शाळेत आले. त्यांच्या हातात जुन्या पुस्तकातलं एक चित्र होतं: वर्तुळ, मधे टिंब. तुमच्या टेकडीवर हा दगड असायला हवा, म्हणाले. ते वर्तुळ मी आमच्या धुण्याच्या दगडावर पाहिलं होतं. मी मुख्याध्यापक. मी त्यांच्याबरोबर टेकडीवर गेलो, दोन तास उन्हात दगड शोधल्याचं नाटक केलं आणि शेवटी म्हणालो, गुरांनी कुठे तरी ढकलला असेल. ते बिचारे रडकुंडीला आले. पुन्हा येईन, म्हणाले.

त्याच दिवशी घरी येऊन दगड उपटला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण सिमेंट फोडायचं म्हणजे गावासमोर फोडायचं. मुख्याध्यापकाने सरकारी खूण धुणं धुवायला नेली, हे गावाने माझ्या तेराव्यापर्यंत चघळलं असतं. म्हणून मी दुसरा दगड शोधला, पाटा-वरवंट्याला टाकी लावायला येणाऱ्या बाईकडून त्यावर वर्तुळ आणि टिंब कोरून घेतलं, आणि नानाजीबरोबर तो टेकडीवर नेऊन ठेवला. मूळची जागा मला अंधुक आठवत होती, पण तिथे बोरीचं झुडूप माजलं होतं. थोडा बाजूला, फोटोत चांगला दिसेल असा ठेवला. नागपूरचे गृहस्थ परत आले, दगडाला मिठी मारून रडले. पेपरात माझा फोटो आला: मुख्याध्यापकांनी शोधला ऐतिहासिक दगड. 'साहेबाचा गोटा' हे नावही मीच पाडलं. ते गृहस्थ गेले, नानाजीही गेला. आता हे जाणणारा मी एकटा उरलो होतो.

आणि आकांक्षा येत होती. आकांक्षा उईके, आमच्याच गावची. पाचवीत असताना मी वर्गाला टेकडीवर नेलं होतं. बाकी पोरं डबे उघडून बसली, ही एकटी दगडाजवळ बसून राहिली. "सर, एवढ्याशा टिंबावरून येवढा देश मोजला?" असं विचारलं आणि त्यावर हात ठेवला. पुढे ती मोजणीच शिकली. आता डेहराडूनला नकाशे करण्याच्या नोकरीत आहे आणि सुट्टी काढून त्या जुन्या वाटेने दक्षिणेकडून एकेक खूण बघत निघाली आहे. दर गुरुपौर्णिमेला तिचा फोन येतो. मला मूलबाळ नाही. गाव हसलं तर हसू दे, पण त्या एका पोरीच्या मनातून मला उतरायचं नव्हतं.

सोमवारी मी ताप आणायचा प्रयत्न केला. सखूने कपाळाला हात लावला.

"ताप-बिप काई नाई. कायची भानगड हाय?"

"काई नाई."

"मंग उठा. पोट्टी इतक्या दुरून येऊन राह्यली आन् तुमी गोधडीत."

मंगळवारी मी पहार घेऊन धुण्याच्या दगडापाशी उभा राहिलो. सखू धुणं घेऊन आली आणि माझ्याकडे, मग पहारेकडे बघत राहिली. अळू खणायचं होतं, म्हणालो. आमच्याकडे अळू नाही. दगडाकडे मी पाहिलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या मोगरीने ते वर्तुळ पार झिजून गेलं असणार, ही माझी खरी भीती होती. दर धप्‌ला वाटायचं, आज थोडं गेलं, आज आणखी थोडं. पाहिलं नाही तर निदान कळणार तरी नाही, असं माझं चाललं होतं.

बुधवारी हिंगणघाटला पोचलो तर आकांक्षा आधीच उभी. वाकून पाया पडली. बरोबर ताराचंदजी होते, नागपूरचे निवृत्त मोजणीदार, उन्हाने रापलेला वाळका माणूस. चाळीस वर्षं शेतं मोजली म्हणाले. कबरीवर तिने झेंडूची फुलं ठेवली आणि ताराचंदजींना माझ्यासमोरच सांगू लागली.

"ह्या सरांनी मले तो गोटा दाखवला नसता तं मी आज कापूस येचत असती. हात लावला होता मी त्याले. मंग दोन दिवस हात धुतला नाई. आईनं मारलं."

ताराचंदजी हसले. मीही दात दाखवले. माघ लागला होता, तरी माझ्या पाठीवरून घामाची धार चालली होती.

टेकडी चढताना गुडघे दुखतात म्हणून मी तीनदा बसलो. एरवी एकदाही बसत नाही. एकदा म्हणालो, मशीन उन्हात बिघडत असेल, संध्याकाळी येऊ. आकांक्षा म्हणाली, वाळवंटातही चालते, सर. एकदा म्हणालो, वर आग्यामोहोळ बसलं आहे. ताराचंदजी म्हणाले, मले तीनदा चावल्या हायेत माश्या, आता चावत नाई.

वर माझा दगड होता, फोटोत चांगला दिसेल असाच. आकांक्षाने त्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे पाहून हसली. मी आभाळाकडे पाहिलं. तिने तिपाईवर मशीन लावलं, बटणं दाबली, वही काढली, पुन्हा बटणं दाबली. तिच्या कपाळावर आठी पडली.

"काय झालं?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चोरट्यासारखा वाटला.

"मोजणीच्या जुन्या वहीतल्या आकड्याशी जुळून नाई राह्यलं. अकरा मीटर फरक पडते. तिकडं, त्या बोरीच्या अंगाले."

"जुने लोक चुकले असतील."

"तेबी होते. जुना आकडा थोडाफार चुकू शकते. पण पायले काय हरकत?"

ताराचंदजी बोरीच्या झुडपाशी गेले आणि लोखंडी सळई जमिनीत खुपसू लागले. खुपसता खुपसता बोलत होते. असं बोलणारा माणूस मला नेहमी आवडतो, त्या दिवशी नाही आवडला.

"गुरुजी, ह्या लोकांची एक पद्धत होती. एक खूण वर ठेवाची आन् तिच्या बरोबर खाली दुसरी, पक्क्या खडकात. कागदात लिहून हाय ह्या टेकडीचं. वरचा गोटा कोनी ना कोनी नेतेच, हे त्याइले ठाऊक होतं. आमीबी पाह्यलं ना जी, लोकं शेताच्या धुऱ्यावरचे गोटे कसे सरकवते."

सळई ठण्ण वाजली. त्यांनी खुरप्याने माती काढली, आकांक्षाने बाटलीतलं पाणी ओतलं. काळ्या खडकात बांगडीएवढं वर्तुळ, मधे टिंब. दोनशे वर्षं कुणाचा हात लागला नव्हता, कडा कालच कोरल्यासारख्या होत्या.

आकांक्षा लहान पोरीसारखी ओरडली. ताराचंदजींनी टोपी काढली. मी दोघांच्या मागे उभा होतो. त्या वर्तुळाच्या शेजारी माझा दगड आपोआप खोटा दिसत होता. टाकीवालीचं वर्तुळ ताटलीएवढं होतं. मीच म्हणालो होतो तिला, जरा मोठं काढ, पोरांना दिसलं पाहिजे.

आकांक्षा वही घेऊन माझ्या दगडावरच बसली आणि लिहू लागली. लिहिता लिहिता मोठ्याने वाचत होती, शाळेत वाचायची तशी.

"खालची खूण, सुस्थितीत. वरची खूण, मूळ जागेवर नाही. अकरा मीटर दूर आढळली. गुरांनी ढकलली असावी." तिने मान वर केली. "बरोबर ना, सर? ढोरं चरते इथं."

एक 'हो' म्हणायचं होतं, बस. वर्तुळ लहान का, मोठं का, ते तिने विचारलं नव्हतं. कदाचित विचारायचं टाळत होती. ताराचंदजी खडकाचे फोटो काढण्यात गुंतले होते. खाली उतरून चहा प्यायलो असतो, ती डेहराडूनला गेली असती, गुरुपौर्णिमेला फोन आला असता.

पण ते वाक्य माझं होतं. नागपूरच्या म्हाताऱ्याला मी हेच सांगितलं होतं, अगदी याच जागेवर. आता ते तिच्या वहीत उतरलं होतं आणि खाली ती सही करत होती. आकांक्षा उईके. त्या 'उ'चं वळण मी तिच्याकडून पाटीवर गिरवून घेतलं होतं.

"खोडून टाक," मी म्हणालो.

"काऊन, सर?"

"ढोरांनी नाई ढकलला. मी नेला."

"काय नेला? गोटा तं हा काय, इथंच हाय."

"हा तो नाई, पोरी."

मग सगळं सांगितलं. बंडी, नानाजी, सिमेंट, टाकीवाली, पेपरातला फोटो. ताराचंदजींनी कॅमेरा खाली केला आणि जरा लांब जाऊन उभे राहिले. माणूस समजूतदार होता. आकांक्षा दगडावरून उठली. बसली होती त्या जागेकडे बघत राहिली.

"पाचवीत मी ह्याच्यावरच हात ठेवला होता, सर."

"हो."

"मंग मी कायले हात लावला होता?"

छत्तीस वर्षं शाळेत काढली. पोरांनी काय काय विचारलं, काही ना काही सांगितलं. आज मात्र मी त्या ताटलीएवढ्या वर्तुळावरची माती झटकत बसलो. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क आपला नाही हेही कळत होतं. तिने ते वाक्य खोडलं. दोन रेघा मारल्या, पट्टीने मारल्यासारख्या सरळ. मग एवढंच म्हणाली, "दाखवा."

टेकडी उतरताना ती पुढे आणि मी मागे. एरवी माझा हात धरते, त्या दिवशी धरला नाही. मी गुडघ्यांसाठीही थांबलो नाही. एकच विचार डोक्यात: वर्तुळ झिजून गेलं असेल तर? दाखवायला काही उरलंच नसेल तर? मग मी दोन दगड बुडवले, आणि पोरीला एकही दिला नाही.

घरी सखू सांदवाडीत बसलेली. दगडावर माझे सदरे, शेजारी साबण, मोगरी हातात.

"काकू, धुनं जरा सरकवता का?" आकांक्षा म्हणाली.

"काऊन वं? बस ना, चाय ठेवते."

"ह्या गोट्यावर गोल हाय म्हंते सर. मधात टिंब."

"हाय ना," सखू म्हणाली.

मी दाराच्या चौकटीला धरलं.

"ह्या बादलीखाली हाय. मधातल्या खड्ड्यात साबन अडकते, म्हनून त्या अंगाले मी धूतच नाई. पह्यल्या दिवसापासून बादली ठेवते तिथं." तिने बादली उचलून बाजूला ठेवली. "काऊन? काय झालं त्याले?"

आकांक्षाने ब्रशने घासून वर पाणी टाकलं. बादलीच्या बुडाचा गंजाचा डाग, आणि त्याच्या आत वर्तुळ. बांगडीएवढं, मधे टिंब, टेकडीवरच्या खडकातल्याच्या जोडीचं. एक टवकाही उडाला नव्हता.

"तू मले सांगितलं काऊन नाई?" मी सखूवर ओरडलो. खरं तर मला तिच्या पाया पडायचं होतं.

"तुमी इचारलं कवा? बावीस वर्षांत एक बनियन धुतली असती तं दिसलं असतं."

ताराचंदजींना हसू आवरेना. आकांक्षा हसली नाही. उकिडवी बसून तिने वर्तुळावर तळवा टेकला आणि डोळे मिटले. सखू काही विचारणार होती, मी तिला हाताने थांबवलं. मग आकांक्षाने मान वळवली.

"सर, तुमी ठेवला होता का कधी ह्याच्यावर हात?"

ठेवला नव्हता. आणला तेव्हा तो नुसता दगड होता, आणि काय आहे ते कळल्यावर धीर झाला नाही.

"ठेवा मंग."

मी गुडघे मोडून बसलो. दगड गार होता, साबणाने बुळबुळीत. टिंबात माझं बोट बरोबर बसलं. तिने तिचा तळवा काढला नव्हता, म्हणून माझ्या हाताचा अर्धा भाग तिच्या हातावर पडला. तिने तो तसाच राहू दिला.

सिमेंट चार दिवसांनी फोडलं, गावासमोरच. ताराचंदजींनी ओळंबा सोडला आणि वरचं टिंब खालच्या टिंबावर आणून बसवलं. आकांक्षाला मी वहीत माझं नाव घालायला लावलं: वरची खूण बापूराव झाडे, मुख्याध्यापक, यांनी नेली व परत आणून दिली. शाळेत जाऊन पोरांनाही सांगितलं. गाव महिनाभर हसलं. अजूनही चौकात कोणी ना कोणी विचारतं, का जी सर, आज कोनता किल्ला धुऊन राह्यले? विचारू दे.

टाकीवालीचा दगड परत येताना बंडीत घालून घरी आणला आणि त्याच खड्ड्यात बसवला. माझे कपडे आता मीच धुतो. सखूचं म्हणणं खरं आहे, मधल्या खड्ड्यात साबण अडकतो.